पंधरा मिनिटांचे वर्गातील सादरीकरण मराठीतून करायचे आहे : स्लाइड किती, कशा, आणि बोलायचे कसे?

प्रश्न — एम.ए. इतिहासाची विद्यार्थिनी, नागपूर

सर्व सदस्यांना नमस्कार.

मी एम.ए. इतिहासाच्या दुसऱ्या सत्रात शिकते. अंतर्गत मूल्यमापनासाठी आम्हा प्रत्येकाला वर्गासमोर पंधरा मिनिटांचे सादरीकरण करायचे असून त्यानंतरची पाच मिनिटे प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवलेली आहेत. मी ‘राजधानी ते उपराजधानी : नागपूर, 1861 ते 1960’ हा विषय घेतला आहे. विषय माझ्या आवडीचा आहे, वाचनही भरपूर झाले आहे, आणि बहुधा त्यामुळेच माझी अडचण झाली आहे.

आतापर्यंत माझ्या 34 स्लाइड तयार झाल्या आहेत. त्यांतल्या पहिल्या नऊ गोंड राजा बख्त बुलंद शाह आणि भोसले घराणे यांच्यावर आहेत. त्यानंतर मध्य प्रांताची स्थापना, वऱ्हाडची जोडणी, 1936 चे नागपूर उच्च न्यायालय, 1953 चा नागपूर करार (एकत्रित मराठी राज्यासाठी नेत्यांनी केलेला), राज्य पुनर्रचना आयोग, 1956 आणि 1960 असा क्रम आहे. प्रत्येक स्लाइडवर सात-आठ मुद्दे आहेत, कारण मुद्दा लिहिलेला नसेल तर ऐन वेळी तो मला आठवणार नाही अशी भीती वाटते. काल घरी धाकट्या भावाला समोर बसवून सगळे वाचून दाखवले, तेव्हा 31 मिनिटे लागली. शेवटी ‘काय समजले?’ असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘खूप सन होते.’

माझ्या शंका अशा : किती स्लाइड ठेवाव्यात आणि मजकूर कसा कमी करावा? मागच्या सत्रात एका वर्गमित्राची मराठी अक्षरे वर्गातल्या संगणकावर पार बदलून गेली होती, तसे होऊ नये म्हणून काय करावे? पडद्याकडे पाहून वाचण्याची सवय कशी मोडावी? आणि एक शंका विचारताना थोडा संकोच वाटतो. घरी आम्ही ‘सांगून राहिली’, ‘करून राहिलो’ असेच बोलतो. वर्गासमोर उभे राहिल्यावर प्रमाण मराठी सांभाळण्यातच माझे अर्धे लक्ष जाते आणि विषय हातून निसटतो.

उत्तर 1 — निवृत्त प्राध्यापक, धरमपेठ

तुमच्या भावाचा अभिप्राय मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो. त्याच्या लक्षात सन राहिले, परंतु त्या सनांमधून तुम्हाला काय म्हणायचे होते ते त्याच्यापर्यंत पोहोचले नाही. 34 स्लाइड 15 मिनिटांत दाखवायच्या म्हटल्या तर एकेका स्लाइडच्या वाट्याला जेमतेम 26 सेकंद येतात, हा हिशेब तुम्हीही केला असेल. तरीही ‘स्लाइड कमी करा’ एवढाच सल्ला मी देणार नाही, कारण तेवढ्याने 34 स्लाइडचा मजकूर 15 स्लाइडमध्ये कोंबला जाईल आणि अवस्था आणखी बिकट होईल.

म्हणून आधी लॅपटॉप मिटून ठेवा, एक कोरा कागद घ्या, आणि वर्गातून बाहेर पडताना तुमच्या वर्गमित्राच्या मनात कोणती एक गोष्ट राहावी असे तुम्हाला वाटते ते एका वाक्यात लिहा. ‘नागपूरचा राजकीय इतिहास’ हे वाक्य नव्हे, ते शीर्षक झाले. तुमच्या विषयाचे वाक्य असे काहीसे होऊ शकेल : ‘नागपूरने 1956 मध्ये राजधानीचा मान गमावला, परंतु 1953 च्या करारामुळे त्या मानाचा एक अंश या शहराकडे राहिला.’ हे माझे वाक्य आहे. तुमचे वेगळे निघाले तर उत्तमच, पण ते पूर्ण वाक्य असावे आणि त्याच्याशी कोणालातरी असहमत होता यावे.

हे वाक्य समोर ठेवून आता 34 स्लाइडकडे पाहा. बख्त बुलंद शाह आणि भोसले यांच्यावरच्या नऊ स्लाइड कितीही मेहनतीने केलेल्या असल्या तरी या वाक्याला त्यांचा आधार लागत नाही. 1853 मध्ये तिसरे रघुजी भोसले निवर्तले, इंग्रजांनी राज्य खालसा केले आणि 1861 मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर झाली, एवढे तोंडी सांगितले की तुमचा विषय सुरू होतो. वऱ्हाडची जोडणी मात्र राहू द्या. 1903 पासून वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताबरोबर चालू लागला आणि पुढे विदर्भ म्हणून ओळखले गेलेले मराठी भाषकांचे जिल्हे एका प्रशासनाखाली आले. त्याशिवाय 1953 चा करार श्रोत्यांना समजणार नाही. काढून टाकलेल्या स्लाइड वाया गेल्या असे मानू नका. त्या फाइलच्या अगदी शेवटी ठेवा, प्रश्नोत्तरांत कोणी विचारले तर उपयोगी पडतील.

दुसरी गोष्ट शीर्षकांची. तुमच्या स्लाइडवर ‘नागपूर करार’ असे शीर्षक आणि खाली आठ मुद्दे असतील, अशी माझी अटकळ आहे. त्याऐवजी शीर्षकाच्या जागी एक पूर्ण विधान लिहा : ‘1953 च्या कराराने नागपूरला दरवर्षी विधिमंडळाच्या किमान एका अधिवेशनाचा शब्द दिला.’ त्याखाली करारातले फक्त ते एक कलम मोठ्या अक्षरांत द्या. 28 सप्टेंबर 1953 ही तारीख, शासनाने ठरावीक काळासाठी नागपुरात येण्याची तरतूद, उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची तरतूद हे सारे तुम्ही बोलून सांगायचे आहे. सगळ्या स्लाइडची शीर्षके एकाखाली एक वाचली की संपूर्ण युक्तिवाद उभा राहिला पाहिजे. तो राहत नसेल तर दुरुस्ती शीर्षकांत नाही, विचारात करावी लागते.

तुमच्या विषयात पडद्याचा खरा उपयोग नकाशांसाठी आहे आणि तिथे वेळ खर्च करा. तीन नकाशे पुरेत : 1950 चा मध्य प्रदेश, ज्याची राजधानी नागपूर होती, 1 नोव्हेंबर 1956 चे द्विभाषिक मुंबई राज्य, आणि 1 मे 1960 चा महाराष्ट्र. नागपूर, भंडारा, वर्धा, चांदा (आजचे चंद्रपूर), अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलढाणा हे आठ जिल्हे तिन्ही नकाशांत पडद्याच्या त्याच जागी, त्याच मापात आणि त्याच रंगात ठेवा. मग स्लाइड पुढे सरकवताना आठ जिल्हे जागचे हलत नाहीत, फक्त त्यांच्याभोवतीची राज्याची सीमा बदलते. नागपूर तिथेच असते आणि राजधानी मात्र मुंबईकडे जाते, हे वर्गाला डोळ्यांनी दिसते. आठ मुद्दे लिहून जे साधणार नाही ते इथे दोन वेळा कळ दाबून साधते. नकाशे तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून उचलू नका, कारण प्रत्येकाचे माप वेगळे निघते. एकच कोरा नकाशा घेऊन त्यावर तीन वेळा रंग भरा आणि त्याचा मूळ स्रोत खाली बारीक अक्षरांत लिहा.

तुम्ही पहिल्या स्लाइडवर झिरो माइलच्या स्तंभाचे छायाचित्र लावले असेल तर तेही काढा. नागपूर म्हटले की आपला हात तिकडेच जातो, पण तो स्तंभ भूमापनाच्या इतिहासाचा आहे, राजधानीच्या नव्हे. विधान भवनाचे छायाचित्र लावा. हिवाळी अधिवेशन तिथे भरते आणि तेच तुमच्या युक्तिवादाचे शेवटचे टोक आहे.

मुद्दा लिहिलेला नसेल तर आठवणार नाही ही तुमची भीती अगदी खरी आहे, मात्र तिच्यावरचा उपाय तुमच्या हातातल्या कागदावर असावा, वर्गाच्या डोळ्यांसमोर नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी यावर बरेच प्रयोग केले आहेत. चित्र आणि त्यावरचे बोलणे एवढेच असेल तर माणूस जितके शिकतो, त्यापेक्षा तेच बोलणे अक्षरांतही पडद्यावर लिहिले की तो कमी शिकतो, असे त्यांना आढळले. वाचणे आणि ऐकणे यांत ओढाताण होते. श्रोता तुमच्यापेक्षा वेगाने मनात वाचून मोकळा होतो आणि मग तुम्ही त्याला आधीच माहीत असलेले सांगत राहता.

मी शिकवायला लागलो तेव्हा पारदर्शिका ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या काचेवर ठेवून दाखवत असू. पॉवरपॉइंट 1987 मध्ये आले तेही प्रथम मॅकिंटॉश संगणकावर, आणि अशा पारदर्शिका छापण्यासाठीच. एकेक पारदर्शिका हाताने लिहायची, चुकली तर पुसायची, आणि ती विकत आणलेली असायची, त्यामुळे लिहिण्याआधी खूप विचार होई. आता नवी स्लाइड जोडायला काहीच लागत नाही. म्हणून माझी विनंती आहे की पहिली रूपरेषा कागदावरच करा. एका पानावर बारा चौकोन आखा आणि प्रत्येक चौकोनात एक विधान लिहा. तेराव्या चौकोनाची गरज वाटली तर आधीचा एखादा खोडा.

उत्तर 2 — अक्षरजुळणीचा व्यवसाय, महाल

प्राध्यापकसाहेबांनी आशयाचे सांगितले आहे, मी अक्षरांचे सांगतो. गेली बरीच वर्षे माझ्याकडे प्रबंध, पत्रिका आणि विद्यार्थ्यांच्या पीपीटी या तिन्हींचे काम येते.

तुमच्या वर्गमित्राच्या बाबतीत जे झाले ते बहुधा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमुळे झाले असावे. या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी मजकूर मराठी नसतोच. आत रोमन अक्षरे असतात आणि फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचा आकार चढवतो. कृतिदेवमध्ये तुम्ही ‘नागपूर’ लिहिता तेव्हा फाइलमध्ये यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे ही सहा अक्षरे साठवली जातात. वर्गातल्या संगणकावर तो फॉन्ट नसला की तीच सहा अक्षरे जशीच्या तशी पडद्यावर उमटतात. माझ्या स्वतःच्या पदव्युत्तर परीक्षेच्या वेळी हेच झाले होते. एका दुकानातून टंकलिखित करून आणलेल्या वीस स्लाइड मी परीक्षकांसमोर उघडल्या तेव्हा त्यांत एकही मराठी शब्द नव्हता, आणि ती दहा मिनिटे मी केवळ आठवणीवर बोललो. या व्यवसायात आल्यावर प्रत्येक विद्यार्थ्याला मी पहिला प्रश्न फॉन्टचा विचारतो तो त्यामुळेच.

तेव्हा संपूर्ण मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे ज्यात संगणक मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवतो त्या पद्धतीत, टंकलिखित करा. युनिकोड मजकुरात फॉन्ट सापडला नाही तर संगणक स्वतःहून मंगल किंवा निर्मला यांसारखा दुसरा फॉन्ट वापरतो. ओळी थोड्या सरकतात, पण अक्षर मराठीच राहते. ओळीही सरकू नयेत असे वाटत असेल तर विंडोजवरच्या पॉवरपॉइंटमध्ये फाइल जतन करण्याच्या पर्यायांत फॉन्ट फाइलमध्येच समाविष्ट करण्याची सोय आहे, तिथे खूण करा. काही फॉन्टचा परवाना अशी परवानगी देत नाही, म्हणून त्याच्या जोडीला एक पीडीएफ प्रतही तयार ठेवा. पीडीएफमध्ये हालचाली आणि चित्रफिती चालत नाहीत, पण तुमच्या तीन नकाशांना त्यांची गरज नाही. एकापुढे एक तीन पाने उलटली तरी तोच परिणाम साधतो.

फॉन्ट निवडताना ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ यांपैकी कोणताही घ्या, दोन्ही मोफत मिळतात आणि पडद्यावर स्वच्छ दिसतात. निवडलेल्या फॉन्टमध्ये ‘वऱ्हाड’ हा शब्द एकदा लिहून पाहा. तुमच्या विषयात तो वारंवार येणार आहे, आणि त्यातला ऱ्ह नीट जुळत नसेल तर फॉन्ट बदला. ‘वर्‍हाड’ऐवजी ‘वर्हाड’ असा रफार चढलेला शब्द पडद्यावर मोठ्या अक्षरांत दिसला की मराठी वाचणाऱ्याचे लक्ष तिथेच अडखळते.

अक्षरांचा आकार हा पुढचा प्रश्न आहे. देवनागरीत वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असतात, त्यामुळे रोमन लिपीत 24 पॉइंटवर जे सहज वाचता येते ते मराठीत त्याच आकारात दाटलेले दिसते. शीर्षकासाठी 36 आणि मजकुरासाठी 30 पॉइंटच्या खाली जाऊ नका, आणि दोन ओळींमधले अंतर थोडे वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना चिकटतात.

शेवटच्या बाकावरून दिसेल की नाही हे घरीच तपासता येते. समजा वर्गातला पडदा दीड मीटर उंच आहे आणि शेवटचा बाक त्यापासून आठ मीटरवर आहे. तुमच्या 15.6 इंची लॅपटॉपचा पडदा साधारण 19 सेंटिमीटर उंच असतो. हेच प्रमाण लावले तर लॅपटॉपपासून एक मीटरवरून तुम्हाला जितके दिसते तितकेच शेवटच्या बाकावरच्या विद्यार्थ्याला वर्गात दिसणार आहे. वर्गाची मापे पावलांनी मोजून घ्या, लॅपटॉप टेबलावर ठेवा, तितके मागे सरका आणि वाचून पाहा.

रंगांबद्दल थोडक्यात सांगतो. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. जिथे काळे दाखवायचे तिथे तो फक्त प्रकाश टाकत नाही, आणि तो भाग खोलीत जितका उजेड असेल तितका उजळ दिसतो. आपल्याकडच्या वर्गांत मोठ्या खिडक्या असतात आणि पडदे असतीलच असे नाही. त्यामुळे गडद पार्श्वभूमीवरची फिकट अक्षरे दुपारच्या तासाला धुऊन जातात. पांढऱ्या किंवा फिकट पार्श्वभूमीवर गडद अक्षरे ठेवा. नकाशात आठ जिल्ह्यांना पिवळा रंग देऊ नका, गडद निळा किंवा तपकिरी द्या.

आदल्या दिवशी वर्गातला प्रोजेक्टर पाहून या. त्याला एचडीएमआय केबल लागते की जुनी व्हीजीए, आणि चित्र 16:9 प्रमाणात येते की 4:3, हे दोनच प्रश्न विचारा. जुना प्रोजेक्टर असेल तर फाइलचे माप आधीच 4:3 करून घ्या; ऐन वेळी बदलल्यास नकाशे दबतात आणि तिन्ही नकाशांतील आठ जिल्ह्यांची जुळवलेली जागा बिघडते.

उत्तर 3 — माध्यमिक शाळेतील शिक्षिका, मानेवाडा

ताई, मी तुमच्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण तिच्यामुळे तुम्हाला विनाकारण त्रास होत आहे असे मला वाटते.

‘करून राहिली’ ही चूक नाही, ती आपल्या भागातली बोली आहे आणि तुमचे सगळे श्रोते ती जाणतात. सादरीकरण औपचारिक असल्यामुळे प्रमाण भाषेकडे झुकणे योग्यच आहे, पण एखादे ‘राहिली’ तोंडून गेले तर थांबून ते दुरुस्त करू नका. श्रोत्यांना ते खटकत नाही, तुमचे थांबणे खटकते. मी बी.एड. करत असताना पाठ घेताना प्रत्येक वाक्य मनात आधी जुळवून मगच उच्चारत असे. निरीक्षक मॅडमनी पाठानंतर एवढेच सांगितले की तू मुलांकडे एकदाही पाहिले नाहीस. त्यानंतर मी एक सवय लावून घेतली : पहिली दोन वाक्ये आणि शेवटचे एक वाक्य प्रमाण मराठीत लिहून पाठ करायचे, आणि मधले सगळे आपल्या शब्दांत बोलायचे. सुरुवातीची दोन वाक्ये न अडखळता गेली की आवाज आपोआप स्थिरावतो.

पडद्याकडे वळण्याची सवय मोडायची असेल तर उभे राहण्याची जागा आधी ठरवा. प्रेक्षकांच्या बाजूने पाहिले असता पडद्याच्या डावीकडे उभ्या राहा, म्हणजे वाचणाऱ्याची नजर ओळ सुरू होते तिथे तुमच्यापाशी येते. लॅपटॉप स्वतःसमोर ठेवा आणि तुमचे तोंड वर्गाकडे असू द्या. प्रेझेंटर व्ह्यू चालू केला तर पडद्यावर फक्त स्लाइड दिसते आणि तुमच्या लॅपटॉपवर स्लाइडसोबत तुमची टिपणे आणि घड्याळ दिसते. तुमचे काढून टाकलेले सात-आठ मुद्दे तिथे सुखाने राहू शकतात. मात्र टिपणांत पूर्ण वाक्ये लिहू नका, कारण वाक्य दिसले की आपण ते वाचतोच. एक शब्द, एक सन, एक नाव, एवढेच असू द्या.

एक कळ मुद्दाम लक्षात ठेवा. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड दाखवत असताना बी ही कळ दाबली की पडदा काळा होतो, पुन्हा दाबली की स्लाइड परत येते. तुमच्या विषयात तिची एक नेमकी जागा मला दिसते. फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने 1955 मध्ये स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली होती, आणि तरीही पुढच्या वर्षी आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. हे सांगण्याआधी पडदा बंद करा. काही क्षण सगळा वर्ग फक्त तुमच्याकडे पाहील. सावकाश, एकेका वाक्यानंतर श्वास घेत सांगा, आणि मग 1956 चा नकाशा उघडा.

सराव मनातल्या मनात करू नका. मोठ्याने, उभ्याने आणि घड्याळ लावून करा. किमान तीन वेळा करा. दुसऱ्या वेळी मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून ऐका. प्रत्येक स्लाइडला तुम्ही ‘आता पुढच्या स्लाइडमध्ये आपण पाहूया’ असे म्हणता का, हे तुम्हाला तिथे कळेल. ते वाक्य काढा आणि त्याऐवजी कारण सांगा : ‘करार झाला, पण राज्यच अस्तित्वात आले नव्हते.’ पुढची स्लाइड मग आपोआप येते. सरावात 13 मिनिटे लागली तर थांबा, त्यात भर घालू नका. वर्गात कोणीतरी उशिरा येते, केबल सैल निघते, आणि ती दोन मिनिटे तिथे जातात.

भावाला पुन्हा बसवा. या वेळी ‘काय समजले?’ असे न विचारता ‘मी काय सिद्ध करायचा प्रयत्न केला?’ असे विचारा.

उत्तर 4 — अभियंता, नागपूर

पहिल्या उत्तरातील शीर्षकाच्या मुद्द्याला एक पुरवणी जोडतो, कारण काहींना तो केवळ मांडणीचा प्रश्न वाटेल.

1 फेब्रुवारी 2003 रोजी कोलंबिया हे अंतराळयान पृथ्वीच्या वातावरणात परतताना कोसळले आणि कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. उड्डाणाच्या वेळी फोमचा एक तुकडा पंखावर आदळला होता, आणि यान अंतराळात असतानाच त्या आघाताचे विश्लेषण अभियंत्यांनी स्लाइडच्या रूपात व्यवस्थापकांसमोर मांडले होते. त्यांतल्या एका स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे होते. सर्वांत महत्त्वाची गोष्ट सर्वांत खाली, उपमुद्द्याच्या पोटात बारीक अक्षरांत होती : चाचण्यांत वापरलेला तुकडा 3 घन इंचांचा होता आणि प्रत्यक्ष आघाताचा अंदाज 1920 घन इंचांचा, म्हणजे 640 पट. माहितीच्या दृश्य मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टे यांनी या स्लाइडची चिकित्सा केली आणि अपघाताच्या चौकशी मंडळाने आपल्या अहवालात तिची दखल घेतली. तांत्रिक अहवालाच्या जागी स्लाइड वापरण्याच्या पद्धतीवर मंडळाने टीका केली.

तुमच्या वर्गात कोणाच्या जिवाचा प्रश्न नाही, तरी मुद्दा तोच आहे. जे सर्वांत महत्त्वाचे आहे ते शीर्षकात आले पाहिजे. तपशील, सनावळी आणि संदर्भ यांसाठी एका पानाचे टिपण छापून सादरीकरण संपल्यावर वाटा. आधी वाटले तर सगळे ते वाचत बसतात.

प्रश्नकर्तीचे निवेदन

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि सविस्तर उत्तरे दिलीत त्याबद्दल मनःपूर्वक आभार. काल सादरीकरण झाले.

34 च्या 12 स्लाइड केल्या आणि उरलेल्या शेवटी ठेवल्या. भोसल्यांच्या स्लाइड वगळताना फार जिवावर आले, कारण त्यांच्यासाठी मी दोन आठवडे वाचन केले होते. एका वाक्यासाठी पूर्ण संध्याकाळ गेली. सरांनी सुचवलेले वाक्य मी थोडे बदलले : ‘नागपूरचे राजधानीपण गेले, पण ते मागण्याचा आधार कराराने मागे ठेवला.’ भावाने दुसऱ्या वेळी ऐकून जवळजवळ हेच वाक्य त्याच्या शब्दांत सांगितले, तेव्हा मला पहिल्यांदा धीर आला.

प्रोजेक्टर 4:3 चाच निघाला. आदल्या दिवशी पाहून आले नसते तर नकाशे नक्कीच दबले असते. ‘वऱ्हाड’ हा शब्द माझ्या आधीच्या फॉन्टमध्ये खरोखरच तुटत होता. तिन्ही नकाशे एकापाठोपाठ सरकवले तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी ‘पुन्हा दाखव’ असे म्हणाले, आणि मी मागे जाऊन पुन्हा दाखवले. आयोगाच्या शिफारशीपूर्वी पडदा काळा केला तेव्हा मॅडमना वाटले की वीज गेली आणि त्या उठू लागल्या. मी हाताने थांबवले आणि बोलत राहिले. ‘सांगून राहिली’ दोन वेळा तोंडून गेले. कोणी काही म्हटले नाही. एकूण 14 मिनिटे लागली.

एका प्रश्नावर मात्र मी अडले. वर्गमैत्रिणीने विचारले की तुझ्या नकाशात विदर्भाचे आठ जिल्हे आहेत, आपण तर अकरा मोजतो. उत्तर मला ठाऊक होते : 1982 मध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली, 1998 मध्ये अकोल्यातून वाशीम आणि 1999 मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया वेगळे झाले. पण ते दाखवायला नकाशा हवा होता, आणि नकाशाच्या स्लाइडपर्यंत मागे जाताना मी एकेक कळ दाबत बसले. तोपर्यंत वेळ संपली आणि उत्तर घाईत द्यावे लागले. हव्या त्या स्लाइडवर थेट जाण्याची काही सोय आहे का?

उत्तर 2 कडून पुन्हा

आहे. स्लाइड दाखवत असताना त्या स्लाइडचा क्रमांक टंकून एंटर दाबा, ती थेट उघडते. सर्व स्लाइडचे क्रमांक आणि शीर्षके एका चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपशेजारी ठेवा. शेवटी ठेवलेल्या राखीव स्लाइडांत आजच्या अकरा जिल्ह्यांचा नकाशाही त्याच मापात जोडून घ्या. पुढच्या सत्रात हीच फाइल वापराल तेव्हा तो प्रश्न पुन्हा येईल.